मोबाइलवरील मराठी पाने आणि आशय-वितरण जाळे
मोबाइलवर पान उशिरा उघडले की आपण मजकुराच्या आकाराला दोष देतो. पण विलंबात अंतराचा वाटा पुष्कळदा मोठा असतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. न्यूयॉर्क मुंबईपासून सुमारे १२,५०० किलोमीटर दूर आहे; म्हणजे जाऊन-येऊन एका फेरीस किमान १२५ मिलिसेकंद. मजकुराचे पहिले अक्षर येण्याआधी अशा साधारणतः तीन फेऱ्या होतात. म्हणून कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, अर्थात आशय-वितरण जाळे, मजकुराच्या प्रती वाचकाजवळच्या शहरांतील सर्व्हरवर ठेवते.

मराठीपुरता आणखी एक मुद्दा आहे. यूटीएफ-८ या संकेतनपद्धतीत रोमन अक्षर १ बाइट घेते, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३. ‘क्षे’मध्ये क, हलन्त, ष आणि एकाराची मात्रा अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट! तरीही याची चिंता नको. संक्षेपणाने हा भार बराच उतरतो. खरे ओझे आहे ते स्कॅन करून चित्ररूपात ठेवलेल्या पानांचे, आणि ही आपल्या संस्थांची जुनी खोड आहे. असे पान जवळच्या सर्व्हरवरून आले, तरी विद्यार्थ्याचा डेटा तेवढाच खर्च होतो. शिवाय त्यात शब्द शोधता येत नाही आणि लहान पडद्यावर ओळींची फेरमांडणीही होत नाही.