कार्ड ‘फॉरमॅट करा’ म्हणते तेव्हा

चैत्र-वैशाखात कळवण तालुक्यातल्या फोटोग्राफरला उसंत नसते. सप्तशृंगगडावरचा चैत्रोत्सव, अभोणा-कनाशी-दळवटकडची लग्ने. एकेका मेमरी कार्डावर हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळे साठलेले. आणि दुकानात येऊन कार्ड संगणकाला लावावे, तर पडद्यावर सूचना झळकते: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल.

इथला पहिला गैरसमज सगळ्यात महागात पडतो. फोटो गेले असे लोक धरून चालतात आणि कार्ड तरी वाचवू म्हणून ‘होय’ दाबतात. वस्तुस्थिती अशी की बहुतेक वेळा फोटो जागेवरच असतात. कार्डाच्या एका छोट्या भागात कोणती फाइल कुठे आहे याची नोंद असते आणि बिघडलेली असते ती नोंद. तलाठ्याच्या दप्तरातून उतारा गहाळ झाला म्हणून शेत जागचे हलत नाही, तसेच हे. विंडोजचे ‘क्विक फॉरमॅट’सुद्धा मुख्यतः ही नोंदच नवी लिहिते. ‘क्विक’वरची खूण काढून केलेले पूर्ण फॉरमॅट मात्र व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये सगळ्या जागेवर शून्ये लिहिते, त्यानंतर हाती काही लागत नाही.

म्हणून नियम एकच: बिघाड दिसला की त्या कार्डावर काहीही लिहू नका. एक फोटोसुद्धा काढू नका, कारण तो नेमका कुणाच्या तरी सप्तपदीवर जाऊन बसू शकतो.

‘आधी विंडोजमधले चेकडिस्क चालवा’ हा सल्लाही सर्रास दिला जातो. चेकडिस्कचे काम नोंदवही सुसंगत करणे. तुमचे फोटो वाचवणे नव्हे. ते विस्कळीत तुकड्यांच्या ‘सीएचके’ फायली करून ठेवू शकते किंवा उरलीसुरली नोंद पुसू शकते. क्रम उलटा हवा. आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा (डिस्क इमेज) दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, मग त्या प्रतिमेवर फोटोरेकसारखे मोफत सॉफ्टवेअर चालवावे. ते नोंदवही बघतच नाही. जेपीईजी फोटोची सुरुवात ठरावीक बाइट्सनी होते, ती खूण शोधत ते पुढे सरकते. फायलींची मूळ नावे मिळत नाहीत, आणि तुकड्यातुकड्यांनी साठलेला लांबलचक व्हिडिओ परत आला तरी चालेलच असे नाही. ग्राहकाला हे आधीच सांगावे. कार्ड संगणकाला दिसतच नसेल, तर दोष कार्डातल्या कंट्रोलर चिपमध्ये किंवा जोडणीत असू शकतो. दुसऱ्या रीडरमध्ये लावून पाहा. तरीही दिसले नाही तर सॉफ्टवेअर निरुपयोगी, डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडेच द्यावे.

पेनड्राइव्हबद्दलही असेच गैरसमज आहेत. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेनड्राइव्हमध्ये नुसते शॉर्टकट दिसतात, तेव्हा ‘व्हायरसने सगळे खाल्ले’ अशी बोंब होते. या जातीचा व्हायरस बहुधा फायली पुसत नाही, लपवतो. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. अद्ययावत अँटिव्हायरसने तपासणी करा आणि लपवलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय सुरू करा.

जागा असूनही लग्नाचा मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये जात नाही, म्हणजे पेनड्राइव्ह खराब? नाही. फॅट३२ पद्धतीत एक फाइल ४ जीबीहून मोठी ठेवता येत नाही. आतला डेटा काढून घेऊन एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केले की अडचण संपते.

बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या १ टीबीच्या पेनड्राइव्हची गोष्ट वेगळी. विंडोज १ टीबी दाखवते म्हणून तेवढी जागा असतेच असे नाही. कंट्रोलरलाच खोटे सांगायला शिकवलेले असते. खरी जागा भरली की पुढचे लिखाण हरवते किंवा आधीच्यावर चढते, आणि संगणक मात्र ‘कॉपी झाले’ म्हणतो. ही मला उघड फसवणूक वाटते. नवा पेनड्राइव्ह एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासल्याशिवाय त्यावर कुणाचे लग्न सोपवू नये.

आणि पेनड्राइव्ह म्हणजे कायमची साठवण, हाही भ्रमच. फ्लॅश मेमरीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते; तो भार हळूहळू झिरपतो, उष्णतेत अधिक वेगाने. पत्र्याच्या घरातल्या कपाटात वर्षानुवर्षे पडलेला एकुलता एक पेनड्राइव्ह हा अल्बम नव्हे.

या हंगामात कार्ड रिकामे करण्यापूर्वी फोटो दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा, त्यातले काही उघडून पाहा, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करा.