तिश्रीची चौथ आणि नव्या भाताची खीर

मध्य रेल्वेवर कुर्ला आणि पुढे ठाणे. दोन्हीकडे बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाची प्रार्थनास्थळे आहेत. ठाण्याचे ‘शार हाशामाईम’ १८७९ सालचे. कोजागरीच्या सुमारास हा समाज सुक्कोथ, म्हणजे मांडवांचा सण पाळतो. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या पौर्णिमेला तो सुरू होतो आणि सात दिवस चालतो. मांडवाचे छप्पर तोडलेल्या फांद्यांचे किंवा झावळ्यांचेच हवे, आणि त्यातून रात्री तारे दिसावेत असा संकेत आहे. इजिप्तमधून सुटलेले पूर्वज वाळवंटात खोपटांत राहिले, त्याची ही आठवण, असे बायबलमधल्या लेवीयाच्या पुस्तकात सांगितले आहे. पण निर्गमाच्या पुस्तकात खोपटाचा उल्लेखही नाही. तिथे हा वर्ष सरताना शेतातले पीक घरात आणण्याचा सण आहे. अनुवादाच्या पुस्तकात खळे आणि द्राक्षकुंड रिकामे झाल्यावर तो साजरा करायला सांगितले आहे. मला यावरून एवढे दिसते की सण आधी शेतकऱ्याचा होता, इतिहासाचा अर्थ त्याला पुढे मिळाला.

ही गोष्ट मान्य केली की कोकणातल्या एका जवळपास विसरलेल्या सणाकडे वेगळ्या नजरेने बघता येते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आलेल्या पूर्वजांची कथा सांगणारा हा समाज शतकानुशतके तेलघाणा चालवत आणि शेती करत राहिला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. धर्मग्रंथ हाताशी नव्हते. ‘शेमा’ ही प्रार्थना मात्र जिभेवर टिकली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ साली तेल अवीवला छापल्या गेलेल्या समाजाच्या इतिहासात ‘खिरीचा सण’ नोंदला आहे. नववर्षानंतर, तिश्रीच्या चौथ्या दिवशी नव्या तांदळाची, नारळाच्या रसातली गोड खीर करायची, ऊद जाळायचा, शेमा म्हणायचा आणि मग खीर खायची. हा बहुधा सुक्कोथचाच विस्मृतीत बदललेला अवशेष, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते मला अपुरे वाटते. तारीख पंधरा नव्हे चार, मांडव नाही, डहाळ्या नाहीत. मग साम्य उरते ते फक्त धान्याचे. पण ते धान्यच तर सणाचे मूळ आहे! पॅलेस्टाईनमध्ये या दिवसांत गहू-जव कधीच खळ्यातून घरात गेलेले असतात, द्राक्षे उतरलेली असतात आणि डोळे पावसाकडे लागलेले असतात. कोकणात उलट पाऊस सरत असतो आणि हळव्या भाताच्या लोंब्या नुकत्या पिकू लागतात. गरवे भात दिवाळीनंतरचे. म्हणजे तिकडे जी शेवटची सुगी, ती इकडे पहिली. पंचांग ज्यूंचे ठेवून सणाचा आशय कोकणच्या भाताप्रमाणे बदलला, आणि शेवटच्या साठवणीऐवजी पहिल्या दाण्याबद्दल कृतज्ञता आली.

यावर आक्षेप येईल की नव्या भाताचा नैवेद्य शेजारच्या कुणब्या-आगऱ्यांच्या घरीही होतो, त्यामुळे हा सण उसना आहे. खिरीची पद्धत शेजाऱ्यांचीच असेल, ते नाकारण्याचे कारण नाही. पण उसनवारीने सण परका ठरत असेल, तर सुक्कोथही ठरेल. त्यात हातात धरतात ते एत्रोग म्हणजे आपले महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातले. हे झाड मूळचे हिमालयाच्या पायथ्याकडचे; जेरुसलेमजवळ रामात राहेल इथल्या इराणी अमलातल्या बागेत त्याचे पराग सापडले आहेत. लेवीयात फक्त ‘सुंदर झाडाचे फळ’ म्हटले आहे, त्या जागी पूर्वेकडून आलेले हे फळ स्थिरावले. नहेम्याच्या पुस्तकात मांडवासाठी सांगितलेल्या फांद्यांत जैतून आहे, लेवीयातला वाळुंज नाही. आणखी एक मोठी गोष्ट तिथेच आहे: बाबिलोनहून परतलेल्या लोकांना नियमशास्त्र वाचताना हा सण नव्याने कळला, आणि यहोशवाच्या काळापासून लोकांनी तसे केले नव्हते असे ग्रंथ स्वतः सांगतो. जिथे ग्रंथ जपला गेला त्या जेरुसलेमातही खोपटे विसरली जाऊ शकतात, तर ग्रंथाशिवाय राहिलेल्या तेल्यांना दोष का द्यायचा?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. केहिमकरांनी लिहिले तेव्हा कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी समाजाला प्रमाण यहुदी रीत शिकवून बराच काळ लोटला होता. मुंबईत सॅम्युएल दिवेकरांचे सिनेगॉगही १७९६ सालीच उभे राहिले होते. त्यामुळे तिश्रीची तारीख मागाहून जोडली असेल, असे कुणी म्हणू शकेल. पण मागाहून जुळवायचे असते तर सरळ पंधरा तारीख धरली असती. सुक्कोथशी न जुळणारी चौथ कुणी मुद्दाम का निवडावी? गैरसोयीचा तपशील टिकून राहतो, तो जुना असण्याची शक्यता अधिक. शिवाय खिरीपुढे नाव कुणा ग्रामदेवतेचे नाही, शेमातल्या एकाच देवाचे आहे. पुढे सुक्कोथ आपल्या मांडवासह आणि महाळुंगासह परत आला, तशी ही खीर मागे पडत गेली. तिची नोंद समाजाच्या इतिहासात चुकलेल्या आठवणींखाली केली जाते. ती ज्यू सुगीच्या सणांच्या यादीत, सुक्कोथच्या शेजारी असायला हवी.