चिठ्ठी रुग्णाकडे, नोंद दुकानात

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यात मराठीबरोबरच माडिया, गोंडी, तेलुगू आणि पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या निर्वासित कुटुंबांची बंगालीही बोलली जाते, त्यामुळे औषधदुकानाच्या वहीत रुग्णाचे नाव बिनचूक उतरवणे हे वाटते त्यापेक्षा अवघड काम आहे. एकच नाव उच्चाराप्रमाणे दोनदा दोन तऱ्हांनी लिहिले गेले, किंवा एका गावातील दोन सारख्या नावांपुढे वडिलांचे वा पतीचे नाव राहून गेले, तर नोंद असूनही रुग्ण सापडत नाही.

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील १९४५ च्या नियमांपैकी पासष्टावा नियम या नोंदींचा आधार आहे. चिठ्ठीवर औषध देताना तारीख, डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव-पत्ते, औषध आणि त्याचे प्रमाण वहीत किंवा बिलात लिहावे लागते, तसेच 'एच'सारख्या अनुसूचीतील, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, औषधांसाठी कंपनी, बॅच नंबर व मुदतही नोंदवावी लागते. यांतील बॅच नंबर, म्हणजे एका वेळी तयार झालेल्या साठ्याचा क्रमांक, घाईत सर्वांत आधी गळतो. पण एखादा साठा अप्रमाणित ठरून परत मागवला गेला, तर त्यातील गोळ्या कोणत्या घरी गेल्या हे तेवढ्याच आकड्यावरून कळते.

१ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' अनुसूचीतील काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे आणि सवय लावणारी काही औषधे यांची वेगळी वही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. क्षयरुग्णाची माहिती आरोग्य यंत्रणेला कळवण्याची जबाबदारी २०१८ पासून औषधविक्रेत्यांवरही असल्याने ही वही तिथेही उपयोगी पडते.

रुग्णाला पूर्वी कोणते औषध बाधले याचा रकाना मात्र या नियमात नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. पूर्व विदर्भातील काही आदिवासी समाजांत तांबड्या पेशींना जपणारे जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असलेल्या व्यक्ती आढळतात. व्हायवॅक्स मलेरिया उलटू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रायमाक्विनने त्यांच्या पेशी फुटून लघवी काळपट होऊ शकते. असे एकदा घडल्याचे रुग्णाच्या नावापुढे दोन शब्दांत लिहिलेले असेल, तर पुढच्या तापात नव्या डॉक्टरांची चिठ्ठी आली तरी फार्मासिस्टला गोळ्या देण्याआधी थांबून त्यांना विचारता येते.