नर्मदाकाठची पायवाट : एका दिवसाचे अध्ययन

नर्मदा परिक्रमेत नदी सतत उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र न ओलांडता चालावयाचे असते. १,३१२ किलोमीटर लांबीच्या या नदीचे दोन्ही तीर पायी चालणे प्रत्येकास शक्य नसते. जबलपूरचे चित्रकार व लेखक अमृतलाल वेगड (१९२८-२०१८) यांनीही १९७७ पासून ही पदयात्रा टप्प्याटप्प्यानेच केली. तथापि, जबलपूरजवळ उत्तर तीराने भेडाघाट ते ग्वारीघाट असे एकट्याने दिवसभर चालले, तरी या खोऱ्याचा भूगोल व इतिहास उलगडू लागतो.

भेडाघाट येथे नदी संगमरवरी कड्यांमधून वाहते. तेथील चौसष्ट योगिनी मंदिर कलचुरी काळातील आहे. पुढे लागणाऱ्या लम्हेटाघाटावरून ‘लमेटा’ या खडकस्तराला नाव मिळाले. या स्तरात डायनासोरचे जीवाश्म आढळतात. तिलवाराघाटाच्या परिसरात १९३९ मध्ये काँग्रेसचे त्रिपुरी अधिवेशन भरले होते.

ग्वारीघाटाच्या वरच्या बाजूस मात्र १९९० मध्ये पूर्ण झालेले बरगी धरण आहे. त्यामुळे सिंचन व वीजनिर्मितीची सोय झाली. परंतु १६२ गावे बाधित झाली आणि काठाची जुनी वाटही जलाशयात गेली. तेथे परिक्रमावासीयांना दूरचा वळसा घ्यावा लागतो.

एकट्या पदयात्रीची भिस्त काठच्या गावांवर असते. पाणी, निवारा, वाटेची माहिती तेथेच मिळते. गाव उठले की हा आधारही जातो. म्हणूनच नदीखोऱ्याच्या नियोजनात सिंचनक्षेत्र व वीज यांच्याबरोबर पुनर्वसनाचा आणि पायवाटेचाही विचार होणे अगत्याचे आहे.