रेकॉर्ड प्लेयर कशावर ठेवावा?

लाकडी माडीच्या जुन्या वाड्यात कोणी जिना धावत चढले की फडताळातल्या कपबशा किणकिणतात. घराजवळून मालगाडी गेली की खिडकीची तावदाने थरथरतात. खरे म्हणजे घराची जमीन, भिंती, टेबले ही सारी नेहमीच थोडीफार हलत असतात. ही हालचाल बहुधा केसाच्या जाडीहूनही फार कमी असल्यामुळे ती आपल्या ध्यानात येत नाही. पण घरात एक उपकरण असे असू शकते की, ज्याचे कामच मुळी इतक्या बारीक हालचाली टिपणे हे आहे. ते म्हणजे ध्वनिमुद्रिका वाजवण्याचे यंत्र, आपला रेकॉर्ड प्लेयर.

कॅसेट, सीडी आणि मोबाइल यांच्या काळात तबकड्या मागे पडल्या होत्या. अलीकडे त्या पुन्हा विकत मिळू लागल्या आहेत. त्यांच्याबरोबर खास मांडण्या, अणकुचीदार पाय, रबरी बुडे, जाड दगडी फरशा अशा अनेक वस्तूही बाजारात आल्या आहेत. त्यांतल्या काहींची किंमत खुद्द यंत्राहूनही अधिक असते. यांपैकी खरोखर उपयोगी काय आणि निव्वळ जाहिरातबाजी कोणती, हे ठरवायला मोठ्या ज्ञानाची गरज नाही. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचे पदार्थविज्ञान तेवढे नीट समजून घ्यायला हवे.

सुई किती हालते?

मोठी तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. बाहेरच्या कडेजवळची खाच सुईखालून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर या वेगाने सरकते. खाचेच्या भिंती नागमोडी असतात. त्या सुईला हलवतात आणि त्या हालण्याचे कार्ट्रिजमध्ये विद्युत्‌दाबात रूपांतर होते.

सेकंदाला १००० कंपनांचा, बऱ्यापैकी मोठा सूर वाजत असताना सुईचा कमाल वेग सेकंदाला ५ सेंटिमीटर आहे असे धरू. यावरून गणित केले तर सुई मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना सुमारे ८ मायक्रोमीटर सरकते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता याच सुराचा अगदी हळू आवाज घ्या, ज्याचा आयाम याच्या एक हजारांश आहे. तेव्हा सुईचे सरकणे ०.००८ मायक्रोमीटर एवढेच असते. जांभळ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ मायक्रोमीटर असते. त्याच्याही पन्नासाव्या भागाइतकी ही हालचाल झाली!

सुईला गाणे आणि धक्का यांतला फरक कळत नाही. खाचेच्या तुलनेने ती हलली की विद्युत्‌दाब निर्माण होणारच. येथे ‘खाचेच्या तुलनेने’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. तबकडी आणि सुई धरणारी भुजा ही दोन्ही एकाच ताठ पायावर बसवलेली असतील आणि तो सगळा पाया एकजुटीने हलला, तर सुई आणि खाच बरोबरच हलतात. मग दाब फारसा निर्माण होत नाही. पण पाया वाकला किंवा पिळला, तर तबकडी एका बाजूला आणि भुजा दुसऱ्या बाजूला जाते आणि बिघाड सुरू होतो.

एक सोपा प्रयोग

चार-पाच रबरबँड एकमेकांत ओवून त्यांची साखळी करा आणि तिला एक कुलूप टांगा. साखळीचे वरचे टोक हातात धरून हात अगदी सावकाश वरखाली करा. कुलूप हाताबरोबरच वरखाली होईल. मग हाताचा वेग थोडा थोडा वाढवा. एका विशिष्ट वेगाला हात जेमतेम हलत असतानाही कुलूप जोरजोराने उसळ्या मारू लागेल. हे झाले अनुस्पंदन. आता हात त्याहूनही खूप भरभर हलवा. आश्चर्य असे की, कुलूप जवळजवळ जागच्या जागी राहील!

कंपने अडवण्याचे सारे शास्त्र या तीन अवस्थांत सामावलेले आहे. हात म्हणजे तुमची जमीन, रबरबँड म्हणजे यंत्राखालचे रबर किंवा स्प्रिंग आणि कुलूप म्हणजे यंत्र. जमिनीची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने, यंत्राच्या स्वाभाविक कंप्रतेच्या किती पट आहे यावर सगळे अवलंबून असते. अवमंदन, म्हणजे कंपने शमवणारे घर्षण, अगदी थोडे आहे असे मानले तर हिशेब असा येतो:

बरोबरीची कंप्रता : कंपने अनेक पटींनी वाढतात.
१.४ पट : कंपने जशीच्या तशी पोहोचतात.
२ पट : एक तृतीयांश पोहोचतात.
३ पट : एक अष्टमांश.
५ पट : चोविसावा भाग.
१० पट : नव्व्याण्णवावा भाग.

म्हणजे यंत्राखाली काहीतरी मऊ घातले की झाले, असे मुळीच नाही. चुकीचे रबर घातले तर कंपने कमी न होता वाढूही शकतात.

पट्टीने कंप्रता मोजा

यंत्राची स्वाभाविक कंप्रता काढायला महागडे उपकरण लागत नाही. साधी मोजपट्टी पुरते. यंत्र ठेवल्यावर स्प्रिंग किती दबली ते मोजा. स्प्रिंग जितकी मऊ किंवा वजन जितके जास्त, तितके दबणे जास्त. स्प्रिंगचा ताठपणा म्हणजे वजन भागिले दबणे. कंप्रता ही ताठपणा भागिले वस्तुमान या भागाकाराच्या वर्गमूळावर अवलंबून असते. त्यामुळे वस्तुमान दोन्हीकडून जाते आणि शेवटी फक्त गुरुत्वीय त्वरण आणि दबणे एवढेच उरते. सूत्र असे होते: दबणे सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचे वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. उत्तर येते ते दर सेकंदाची कंपने.

दबणे १ मिलिमीटर असेल तर कंप्रता सुमारे १६, १ सेंटिमीटर असेल तर ५ आणि ४ सेंटिमीटर असेल तर २.५. रबराच्या बाबतीत खरी कंप्रता या हिशेबापेक्षा काहीशी जास्त भरते, कारण झरझर हलवलेले रबर अधिक ताठ वागते.

आता तुम्हीच सांगा, यंत्राखाली पातळ रबरी चकती ठेवली आणि ती अर्धा मिलिमीटर दबली, तर काय होईल? कंप्रता २२ च्या पुढे जाईल. अशी चकती सेकंदाला १०० किंवा त्याहून जास्त कंपने अडवू शकेल. पावलांचा धक्का मात्र ती अडवणार नाही. शिवाय रबराचे आकारमान दाबाने फारसे घटत नाही. दाबले की ते बाजूंना फुगते. रुंद आणि पातळ चकतीला फुगायला वाव मिळत नाही, म्हणून ती दगडासारखी ताठ वागते. त्याऐवजी रबराचे लहान पण उंच तुकडे अधिक उपयोगी पडतात.

तीन कंप्रता सांभाळा

रेकॉर्ड प्लेयरच्या बाबतीत तीन गोष्टींची गाठ पडते. पहिली गोष्ट म्हणजे माणसाची चाल. आपण सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो. शिवाय टाचेच्या धक्क्याने लाकडी तक्तपोशी स्वतःच्या कंप्रतेने थरथरते, आणि ती दहा-पंधराच्या घरात असू शकते. दुसरी गोष्ट म्हणजे भुजा आणि सुई यांची जोडी. सुईची दांडी लवचिक असल्यामुळे तीही एक स्प्रिंगच होय, आणि या जोडीची कंप्रता सामान्यतः ८ ते १२ ठेवतात. तिसरी गोष्ट म्हणजे यंत्राचा आधार.

आधाराची कंप्रता १० च्या आसपास आली, तर जमीन, आधार आणि भुजा ही तिन्ही एकाच तालात डोलू लागतील आणि सुई खाच सोडून उडी मारेल. म्हणून आधाराची कंप्रता ३ ते ५ च्या दरम्यान असलेली बरी. ४ धरली तर स्प्रिंग सुमारे दीड सेंटिमीटर दबली पाहिजे. मग सेकंदाला ५० कंपनांची घरघर दीडशेव्या भागाहूनही कमी पोहोचेल.

ही युक्ती यंत्राच्या पोटातच बसवता येते. अमेरिकेतील अकूस्टिक रिसर्च या कंपनीने १९६१ साली एडगर व्हिल्चर यांच्या आराखड्याचा रेकॉर्ड प्लेयर बाजारात आणला. त्यात फिरती थाळी आणि भुजा एकाच ताठ सांगाड्यावर बसवून तो सांगाडा तीन स्प्रिंगांवर तोलला होता. मोटर मात्र बाहेरच्या खोक्याला जोडलेली होती आणि पट्ट्याने थाळी फिरवत होती. त्यामुळे मोटरची थरथर आणि टेबलाचे धक्के दोन्ही स्प्रिंगांपाशी अडत.

मांडणी कशी असावी?

यावरून मांडणीची निवड करता येईल. तुमच्या यंत्रात आधीच स्प्रिंग असतील, तर मांडणी हलकी आणि ताठ असावी. स्प्रिंगखाली पुन्हा जवळपास तेवढीच मऊ स्प्रिंग घातली, तर सगळे पाळण्यासारखे डोलत राहील. यंत्रात स्प्रिंग नसतील, तर जड फळी आणि तिच्याखाली योग्य तेवढे दबणारे रबर, अशी रचना करावी. सायकलच्या ट्यूबमध्ये अर्धवट हवा भरून तिच्यावर फळी ठेवली, तर बिनखर्चाची चांगली हवाई स्प्रिंग मिळते. मात्र फळी गवंड्याच्या पाणसळीने समपातळीत आणायला विसरू नका.

लाकडी माडीवर सर्वांत चांगला उपाय म्हणजे वजन पेलणाऱ्या पक्क्या भिंतीत ठोकलेली फळी. भिंत पावलांनी हलत नाही. फळी जाड आणि आखूड घ्या. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. दोन आधारांतील अंतर निम्मे केले तरीही आठपट होतो.

चार पायांची मांडणी घ्यायची असेल, तर ती कडेने ढकलून पाहा. चौकोन कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. म्हणून मागे तिरपी पट्टी लावलेली मांडणी चांगली. लोखंडी नळ्यांचे पाय टिचकीने घंटेसारखे वाजत असतील, तर त्यांत कोरडी वाळू भरावी. वाळूच्या कणांतील घर्षणाने कंपनांची ऊर्जा उष्णतेत बदलून जिरते. जड उपकरणे सर्वांत खाली ठेवावीत.

आणखी एक पथ्य आहे. स्पीकर आणि रेकॉर्ड प्लेयर एकाच फळीवर ठेवू नयेत. स्पीकर फळीला हलवतो, फळी सुईला हलवते, तो आवाज विवर्धकातून मोठा होऊन पुन्हा स्पीकरला जातो आणि हे चक्र वाढत जाऊन घुमण्याचा कर्कश आवाज निघतो. खोलीच्या कोपऱ्यात खर्जाचा दाब सर्वांत जास्त असतो, म्हणून कोपराही टाळावा.

अणकुचीदार पायांची गोष्ट

अणकुचीदार पाय कंपने ‘खाली जाऊ देतात, वर येऊ देत नाहीत’ असा दावा केला जातो. हे खरे असू शकत नाही. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे टोक जमिनीला जेवढे ढकलते, तेवढेच जमीन टोकाला ढकलते. ताठ टोक दोन्ही दिशांना सारखेच कंपन नेते. या पायांचा खरा उपयोग वेगळा आहे. ते गालिच्यातून आरपार जाऊन पक्क्या जमिनीवर टेकतात आणि मांडणी डुगडुगत नाही. ४० किलोग्रॅमची मांडणी चार टोकांवर उभी असेल आणि प्रत्येक टोकाचे क्षेत्रफळ १ चौरस मिलिमीटर असेल, तर टोकाखालचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ हजारपट होतो. तेव्हा फरशीवर टोकाखाली एखादे नाणे ठेवलेले बरे!

बाकीच्या उपकरणांचे काय? ट्रान्झिस्टरच्या विवर्धकाला कंपनांची विशेष भीती नाही. त्याला हवी मोकळी हवा. निर्वात नळ्यांच्या विवर्धकात मात्र नळीतील जाळी हलून आवाजात भर पडू शकते. सीडी प्लेयर १९८२ मध्ये बाजारात आला. त्यात संगीत अंकांच्या रूपात साठवलेले असते. लहान धक्क्यांनी झालेल्या चुका गणिताने दुरुस्त होतात आणि धक्का मोठा असेल तर गाणे सरळ अडखळते. ‘खास फळीमुळे आवाज मधुर होतो’ हा दावा तेथे टिकत नाही.

स्वतः तपासा

वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन हे करून पाहा. थाळी बंद ठेवून सुई स्थिर तबकडीवर अलगद टेकवा. आवाजाची खुंटी अगदी कमीवरून सावकाश वाढवा. आता मांडणीवर बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून ‘धप्प’ असा आवाज आला, तर तेवढे कंपन सुईपर्यंत पोहोचले. मग आधार बदला आणि तीच टिचकी पुन्हा मारा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि नोंद ठेवा. मोबाइलमधील त्वरणमापक वापरता आला, तर फळीची कंप्रता थेट मोजता येईल.

हेच तत्त्व फार मोठ्या कामालाही येते. गुरुत्वीय तरंग टिपणाऱ्या लायगो प्रयोगशाळांत ४० किलोग्रॅमचे आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांनी टांगलेले असतात. प्रत्येक लंबकाची कंप्रता १ धरली, तर सेकंदाला १० कंपनांच्या थरथरीचा प्रत्येक टप्प्यावर साधारण शंभरावा भाग उरतो. चार टप्प्यांनंतर दहा कोटींवा! लंबकांचे डोलणे तेथे विद्युत्‌ नियंत्रणाने आवरतात, म्हणून स्प्रिंगखाली स्प्रिंग घालण्याचा दोष तेथे बाधत नाही. अशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी एखादी महागडी फळी दाखवली, तर त्याला दोनच प्रश्न विचारा: वजन ठेवल्यावर ती किती दबते, आणि तिची कंप्रता किती? उत्तर मिळाले नाही, तर खिशातली मोजपट्टी काढा आणि स्वतःच हिशेब करा.