सुरांचे जाणकार

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे आहेत. साग, बांबू आणि मोह यांच्या दाट रानांमुळे या मुलखाला ‘झाडीपट्टी’ हे नाव पडले. येथील मुख्य पीक भाताचे. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येते आणि त्याच सुमारास गावोगाव मंडई भरू लागते. मंडई म्हणजे जत्राच म्हणा ना! दिवसा खरेदी-विक्री आणि पाहुण्यारावळ्यांची गर्दी, कोठे शंकरपटात धावणाऱ्या बैलजोड्या. आणि रात्री नाटक.

नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होते आणि संपते तेव्हा पूर्वेला तांबडे फुटलेले असते. थंडी कडाक्याची असते. घोंगड्या, चादरी पांघरून आबालवृद्ध जमिनीवर दाटीवाटीने बसतात. रंगमंचालगत वादकांची बैठक असते. तेथे ऑर्गन, तबला, ढोलक आणि क्लॅरिओनेट ही वाद्ये दिसतात. अलीकडे त्यांच्या शेजारी विजेवर चालणारे ऑक्टोपॅडही येऊन बसले आहे. पडदा वर जाण्यापूर्वी ऑर्गनचा पहिला सूर निघतो आणि एवढा मोठा जनसमुदाय क्षणात शांत होतो.

हे वादक केवळ गाण्यांची साथ करीत नाहीत. नाटकातील म्हातारा बाप सावकाराच्या कागदावर अंगठा उठवीत आहे, असा प्रसंग समजा. रंगमंचावर कोणी बोलत नाही. अशा वेळी ऑर्गनवाला खर्जातील एकच सूर धरून ठेवतो. प्रेक्षकांत कोणी हुंदका दिला, तर तो सूर आणखी थोडा लांबवतो. विनोदी पात्राच्या बोलण्यावर हशा उसळला, तर ढोलकवाला हात आवरतो. हशा ओसरला की मगच थाप पडते. म्हणजे वादकाचा एक डोळा नटाकडे, तर दुसरा प्रेक्षकांकडे असतो. प्रेक्षकही काही कमी नाहीत. थाप अर्ध्या क्षणाने चुकली, तर मागच्या रांगेतील शेतकऱ्याच्या ते ध्यानात येते. आणि पद रंगले, तर ‘वन्स मोअर’चा गजर होतो व नटाला तेच पद पुन्हा गावे लागते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी संगीत नाटकाचा जो प्रवाह सुरू झाला, त्यातील ही प्रथा आहे. मोठ्या शहरांत हा गजर आता क्वचितच कानी पडतो.

नाटकातील हे न गायलेले संगीत चित्रपटात ‘पार्श्वसंगीत’ या नावाने ओळखले जाते. या दोहोंचे नाते जुने आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये लोकांपुढे आला. तो मूकपट होता. त्या काळी चित्रपटगृहात पडद्याजवळ पेटी-तबला घेऊन वादक बसत आणि पडद्यावर जे घडे, त्याला साजेसे वाजवीत. झाडीपट्टीतील वादक आजही करतात, तेच ते काम होते. पुढे १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट निघाला. पडदाच बोलू लागला, गाऊ लागला. आणि पडद्याजवळच्या वादकांची जागा रिकामी झाली. नव्या कलेचे कौतुक करताना त्या माणसांची आठवण सहसा कोणी काढीत नाही.

त्यांच्यासारख्याच रंगभूमीवरील काही कलावंतांना मात्र बोलपटाने जवळ केले. गोविंदराव टेंबे हे नाणावलेले पेटीवादक. ‘संगीत मानापमान’ या नाटकाच्या चाली त्यांच्या. प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट १९३२ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला संगीतही त्यांनीच दिले आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली.

तथापि रंगभूमीवरून चित्रपटात आलेल्या संगीतकारापुढे एक नवी अडचण उभी राहिली. त्याचा प्रेक्षक त्याला दिसेना. ध्वनिमुद्रण एकदा झाले की झाले! हुंदका आला म्हणून सूर लांबवता येत नाही, हशा लांबला म्हणून थाप थांबवता येत नाही. प्रेक्षक कोठे गहिवरेल, कोठे हसेल, हे संगीतकाराला महिनोगणती आधी बंद खोलीत बसून ताडावे लागते. कधी कधी तर वाद्ये मुळीच न वाजवणे अधिक योग्य, हेही त्यालाच ओळखावे लागते. १९३७ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ हा चित्रपट काढला. एका तरुण मुलीचे लग्न तिला फसवून वृद्ध विधुराशी लावून दिले जाते, अशी ती कथा. संगीतकार केशवराव भोळे. या चित्रपटात गाणी आहेत; पण प्रसंगांच्या मागे वाद्यांचे संगीत नाही. घरात, रस्त्यावर जे आवाज सहज ऐकू येतात, त्यांच्यावरच काम भागवले आहे. घुसमटलेल्या त्या घरात व्हायोलिन रडले असते, तर प्रेक्षकाला स्वतः काही वाटून घेण्यास जागाच उरली नसती.

असाच अनुभव पुढे २०१६ मध्ये पुष्कळांनी घेतला. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ या चित्रपटाला अजय आणि अतुल गोगावले या बंधूंनी संगीत दिले. त्यातील पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी ते थेट अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेले होते. गावाकडच्या प्रेमकथेला शेकडो मैलांचे कशाला, सातासमुद्रापलीकडचे वादक! पण लोकांना ते परके वाटले नाही. ‘झिंगाट’ हे गाणे लागले की चित्रपटगृहांतील प्रेक्षक जागेवरून उठून नाचू लागत. मराठी प्रेक्षकाचा तो ‘वन्स मोअर’च होता, फरक इतकाच, की पडदा त्याला उत्तर देऊ शकत नव्हता. आणि त्याच चित्रपटाच्या अखेरीस सर्व आवाज थांबतात. एक सूरही उमटत नाही. आधी बेभान होऊन नाचलेली तीच माणसे निःशब्द बाहेर पडत. नाचणे आणि ते गप्प होणे, या दोन्हींत संगीताला मिळालेली दाद होती.

झाडीपट्टीत चित्रपट आले, दूरदर्शन आले, हातोहाती दूरध्वनीही आले. तरी नाटक टिकले. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे या नाट्यव्यवसायाचे मोठे केंद्र आहे. हंगामात तेथूनच अनेक मंडळ्यांचे प्रयोग ठरतात. याच जिल्ह्यातील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे साऱ्या देशाचे लक्ष गेले. त्याआधी २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने प्रयोग बंद पडले होते. हंगामाच्या चार-पाच महिन्यांच्या मिळकतीवर ज्यांचे घर चालते, त्या वादकांना ते दिवस फार जड गेले. ध्वनिमुद्रित संगीत त्यांच्यापेक्षा स्वस्त पडते, ही टांगती तलवार तर त्यांच्या डोक्यावर नेहमीच असते. परंतु मुद्रित संगीताला हुंदका ऐकू येत नाही, हे येथील प्रेक्षक जाणून आहेत.

पहाटे भैरवी होते. लोक घोंगड्या झटकून उठतात आणि रात्री आवडलेल्या पदाची चाल गुणगुणत धानाच्या खळ्याकडे वळतात. वादक ऑर्गनचे झाकण लावतात, तबल्यावर गवसणी चढवतात आणि गाडीत सामान भरतात. रात्री त्यांना दुसऱ्या गावच्या मंडईत वाजवायचे असते.