अंगठा दिला म्हणजे जन्म लिहून दिला नाही!

गाळप हंगाम आटोपला की सोलापूरच्या कोर्टात आमच्यापुढे एक कागद हमखास येतो. स्टॅम्पपेपरवर मजकूर असतो ‘हातउसने घेतले’, खाली अंगठा. प्रत्यक्षात ती ऊसतोडीची उचल असते. नवरा-बायको मिळून एक कोयता; दिवाळीपासून पाच-सहा महिने माढा, माळशिरस, पंढरपूरच्या फडात राबतात. शेवटी मुकादम सांगतो, बाकी अंगावर आहे, पुढच्या साली याच टोळीत यायचे. मग प्रश्न येतो, “वकीलसाहेब, अंगठा दिलाय, आता सुटका कशी?”

बांधवांनो, करार ही जन्माची बेडी नव्हे. १८७२ चा करार कायदाच सुटकेच्या वाटा सांगतो. ठरलेले काम पुरे केले की जबाबदारी संपते. दोघांच्या संमतीने करार मोडता येतो (कलम ६२). घेणेकरी आपले येणे सोडू शकतो (कलम ६३). धाकदपटशाने संमती घेतली असेल तर करार रद्द करून घेता येतो (कलम १९).

याहून मोठे हत्यार म्हणजे १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा. उचलीपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवले, किंवा दुसरीकडे कामाला जाण्याचे स्वातंत्र्य हिरावले, तर ते वेठबिगारीचे कर्ज ठरते. कलम ६ प्रमाणे ते फेडण्याची जबाबदारीच नष्ट होते. तरीही वसुली करणाऱ्यास कलम ९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार कलम १५ ने पैसे देणाऱ्यावरच टाकला आहे. किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे म्हणजे घटनेच्या कलम २३ ने मना केलेली वेठ, असा निर्वाळा सुप्रीम कोर्टाने १९८२ सालीच एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात दिला.

मात्र प्रत्येक उचल वेठबिगारी नसते. खरेच हातउसने घेतले असतील तर ते फेडलेच पाहिजेत. म्हणून उचलीची तारीख, तोडलेल्या उसाचे टन, झालेले खाडे यांची नोंद स्वतःकडे ठेवा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. तक्रार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा दक्षता समितीकडे लेखी द्या.

महार वतन हेही असेच पिढ्यान्‌पिढ्या न फिटणारे बंधन होते. बाबासाहेबांनी १९२८ साली त्याविरुद्ध मुंबई कायदेमंडळात बिल मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने वतन गेले. आता गरज आहे ती कार्यकर्त्यांनी पुढची उचल वाटली जाण्याआधीच वस्त्यावस्त्यांवर पोहोचण्याची. कायदा पुस्तकात आहे, तो फडापर्यंत नेणे आपले काम आहे.

जयभीम!